टोंगळे एकदम बरे आहेत

मु. रिसोड, नाल्याकाठचा मळा
माघ वद्य पंचमी

चि. सौ. कस्तुरीले थोरल्या बहिणीचा, म्हणजे तुळसाबाईचा, हात जेवढा वर जाते तेवढ्या उंचीवरून आशीर्वाद. (सध्या खांद्यापर्यंत जाते. थंडी सरली की डोक्यापर्यंत जाईल, तवा बाकीचा देईन.) इकडे लेक, सून, म्हैस, वांगी, सारे खुशाल. तिकडे तुही तब्येत कशी, पोरीची कशी, आमच्या जावईबुवांचा, म्हणजे तुह्या मालकांचा, खोकला गेला का, ते कळव. अक्षर वाकडं आहे ते बोटांमुळे नाही. साक्षरतेच्या वर्गात मास्तरीणबाईनंच तसं शिकवलं. अन् पत्र जावईबुवा वाचून दाखवत असतील तर कंसातलं त्यांनी गाळावं.

तुहं पत्र पावलं. तुह्या नातीचं लग्न फागुनात ठरलं, पोरगा शिकेल आहे, वाचून लय आनंद झाला. पण खाली तू लिहिलं की बाई, तुहे टोंगळे दुखतात, रिसोडहून आमच्या जऊळक्याले येणं तुले झेपणार नाही, उगाच दगदग करू नको, येऊ नको, आमी समजून घेऊ. हे वाचून माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. (टोंगळ्यापाशी जराशी अडकली, मग गेली.) तुले कोणं सांगितलं वं बाई की मले झेपत नाही? माहे टोंगळे एकदम बरे आहेत. कसे बरे आहेत ते सविस्तर लिहिते, म्हणजे तुही खात्री पटेल.

पयले तर मी सरकारी दवाखान्यात जाऊन आले. तिथं नवा डाक्टर आला आहे, पुण्याकडचा, पोरगेलासाच आहे, बोलणं मोठं गोड. त्यानं इचारलं काय झालं, तर मी सांगितलं की टोंगळे धरले. तो माह्या तोंडाकडे पाहतच राह्यला. त्याले वाटलं, टोंगळे आडनावाचा कोणी माणूस आमी मळ्यात चोरी करताना धरला. त्यानं मले मोठ्या अदबीनं पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवला. मी म्हणलं, ठाण्यात कायले जाऊ, ते धरल्यापासून तर रात्रंदिवस माह्यासंगंच आहेत, लुगड्याच्या आत. पोरगं लालबुंद झालं. शेवटी कंपौंडरनं येऊन सांगितलं की साहेब, इकडे गुडघ्याले टोंगळा म्हणतात. मग त्यानं दाबून पाह्यले, मोडून पाह्यले, कटकट वाजवून पाह्यले अन् म्हणे हा संधिवात. मी म्हणलं नाव बरोबर आहे, संधी पाहूनच येते मेला, पाव्हणे आले की नेमका.

डाक्टर म्हणे, सांध्यातली गादी झिजली. झिजली ती काही भरून येत नाही, पण तिले सांभाळून घेता येते. शेक द्यायचा. रोज थोडं चालायचं, एका जागी आखडून बसायचं नाही, पण लय दुखलं तर थांबायचं. अन् उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. आता तूच सांग, माळ्याच्या बाईले उकिडवं बसू नको म्हणजे काय करू म्हणावं? निंदण उकिडवं, भाजी खुडणं उकिडवं, भाकरी थापणं, भांडे घासणं सारं उकिडवंच. (सकाळी लोटा घेऊन जायचं ते तर लिहायची सोयच नाही. जावईबुवा, हा कंस आहे.) तरी मी सारं ऐकते. चुलीखाली माती भरून ती कमरेइतकी उंच करून घेतली, आता उभ्यानं भाकरी टाकते. सून बुटकी आहे, तिचा हात पुरत नाही, ती पाटावर चढून टाकते अन् चढता उतरता माह्या नावानं पुटपुटते. गावातल्या बायका चूल पाहायले येतात अन् हसून जातात. हसू दे म्हणावं, त्यांचे टोंगळे अजून नवे आहेत.

दुसरी गोष्ट भासऱ्यांची. (माह्या मालकांचे थोरले भाऊ. नाव तुले माहीत आहे, मी काही लिहित नाही.) हे वारल्यापासून ते मळ्यात चक्कर मारून जातात. परवा मी आंगणात खाटेवर बसून गरम वाळूच्या पोटलीनं शेकून राह्यली होती, तर भासरे दारात. आता भासऱ्यासमोर भावसून खाटेवर कशी बसणार? उठले, पदर घेतला, खांबाले धरून उभी राह्यले. खाली बसावं तर मग उठवायले बैल लागते. ते बिचारे भावसुनीच्या खाटेवर बसत नाहीत, अन् खाली सतरंजीवर त्यांच्यानं बसवत नाही. एकमेकांशी समोरासमोर तर मी लग्न होऊन आले तवापासून आमी बोललो नाही, मधात कोणी पाहिजे. सून नाल्यावर गेलती. मग मी खुंट्याले बांधेल म्हशीच्या पिल्लाले, वगारीले, म्हणलं, मोठ्या मालकाले म्हणा बसा. त्यांनीही वगारीलेच सांगितलं की म्हणा, ठीक आहे, उभाच बरा. वांग्याच्या भावाचं बोलणं झालं, थंडीचं झालं, पुन्हा वांग्याचं झालं, सारं वगारीच्या तोंडून. मी वाट पाहून राह्यले की हे कवा जातात, अन् त्यांचा टोंगळा असा आखडला की त्यांच्यानं वळवेना. वगार कंटाळून खाली बसली. आमी दोघं उभे.

शेवटी भासरे सरळ मलेच म्हणाले, "बाई, माहेही टोंगळे गेले वं. तू बसशील तर मीबी बसीन."

मग खाटेच्या या काठावर मी, त्या काठावर ते, पाठीले पाठ करून बसलो. तोंड दिसत नाही म्हणजे मर्यादाही राह्यली. लय वेळ आपापल्या टोंगळ्यांचं सांगितलं. ते म्हणे सकाळी पाय लाकडासारखे होतात, तर एकदम उतरायचं नाही, पडल्या पडल्या आधी हालवायचे, मोकळे झाले की मग उतरायचं. मी तसं करते, फरक पडते. तूही करत जा. इतक्या वर्सांत पयल्यांदा मले समजलं की भासरे चांगले बोलके आहेत. सारी जवानी आमी वगारीसंगंच बोललो.

आता तिसरी गोष्ट वाचली की तुही खात्रीच होईल. तुह्या पत्रानंतर मी मोटरचा सराव करायचं ठरवलं, काहून की मोटरची पायरी लय उंच असते. बाजाराच्या दिवशी वांगी खपल्यावर मोटर उभी दिसली, आत कोणी नाही, डायवर चहा पिऊन राह्यला. डाक्टरनं सांगितलं आहे की चढताना चांगला पाय पुढे टाका, उतरताना दुखरा. चढले, झकास चढले. उतरायच्या टायमाले इचार पडला की यातला दुखरा कोणता. दोन्ही सारखेच बोंबलून राह्यले. जरा बसून ठरवू म्हणलं, तोवर माणसं भरली, मोटर सुटली. माहं ओरडणं त्या घरघरीत कोणाले ऐकू जाते? जवा गेलं तवा कंडक्टर म्हणे बुढे, आता रिठदलेच उतर.

आपलं रिठद, कस्तुरे. तिथं आता आपलं कोणी नाही, तरी पाय बाबाच्या मळ्याकडेच वळले. विहीर तीच, थारोळं तेच, मळा दुसऱ्याचा. मेथीच्या वाफ्यात एक बाई खुडत होती. मले म्हणे, कोणाच्या वं तुमी? मी बाबाचं नाव सांगितलं तर तिले ते माहीत नव्हतं. बिचारी चांगली होती, बसा म्हणे. पण वाफ्याच्या काठावर बसू कशी? मी उभीच राह्यले. त्याच वाफ्यात आपण दोघी दिवस दिवस उकिडव्या बसायचो, मी खुडायची, तू जुड्या बांधायची, तुह्या जुड्या बारीक म्हणून मी तुह्या पाठीत धपाटा घालायची, अन् तू मायजवळ रडत जायची. तवा टोंगळे असतात हेच मले माहीत नव्हतं. मले तुही इतकी आठवण आली की भर उन्हात उभ्यानं रडले. त्या बाईले वाटलं टोंगळे दुखत असतील. मी म्हणलं, हो बाई, तेच दुखून राह्यले.

सांजच्या मोटरनं परत आले. कंडक्टरनं अन् एका किराणावाल्यानं मिळून मले गव्हाच्या पोत्यासारखं खाली घेतलं. दोन दिवस निजून होते, तिसऱ्या दिवशी एकदम ताजी. तर प्रवास मले असा झेपते. तरी तू येऊ नको म्हणते तर नाही येत. मले काही राग नाही. लग्न नीट पार पाडा, व्याह्यांले सांभाळा, पोरीले माहा आशीर्वाद सांगजो.

तुही थोरली बहीण,
तुळसाबाई

ता. क. तुहे टोंगळे कसे आहेत ते तू लिहिलंच नाही. आपल्या मायलेही होते, म्हणजे तुलेही असणारच. लपवू नको. लग्नघरात धावपळ करू नको, खुर्चीवर बसून हुकूम सोड.

दुसरा ता. क. भासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं की वाशीमपर्यंत मोटरनं संगं येतो अन् जऊळक्याच्या गाडीत बसवून देतो. मी नाही म्हणलं. म्हणजे अजून हो म्हणलं नाही.

तिसरा ता. क. कस्तुरे, खरं लिहिते. लग्नं मी लय पाह्यली, एक हुकलं तर हुकलं. पण माय होती तवर दर सालाले मले मूळ यायचं. बाबा स्वतः बैल जुंपून न्यायले यायचे, अन् मी सासूले तोऱ्यात सांगायची की मले बोलावणं आलं. आता न्यायले येणारं माणूस राह्यलं नाही, अन् बिनबोलावता बहिणीच्याही दारात जायची आपली रीत नाही. तू माह्या भल्यासाठीच येऊ नको लिहिलं, हे मले समजते. तरी पुढच्या पत्रात ये लिही. येणं न येणं टोंगळ्यांवर आहे. पण मले ये म्हणणारी आता एक तूच राह्यली, तर तेवढं म्हण.