बाहेर उघडणारे दार

मी, गल्लीभर सुतारीणबाई म्हणून ओळखली जाणारी, पायांनी थकलेली पण डोके ताळ्यावर असलेली, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नव्हे, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. याआधीचा म्हणून कोणी कागद पुढे केलाच, तर तो खोटा समजावा.

घर माझ्या कमाईचे आहे. नवरा गेल्यावर त्याचीच हत्यारे उचलून मी लोकांची दारे-खिडक्या केल्या, त्यातून ते उभे राहिले. ते मी माझ्या सुनेला देते. मुलाला नाही. कारणही लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात म्हातारी भ्रमिष्ट होती म्हणायची सोय नको.

मार खाऊन आलेल्या बाईला या घरात आधी आत घेतात, मग पाणी देतात. नाव-गाव तिला वाटले तर ती सांगते. हा शिरस्ता पाडला तेव्हा मी पुढचे दार उतरवून बाहेर उघडणारे बसवले. आत उघडणारे दार लाथेने मोडते. बाहेर उघडणाऱ्यावरची लाथ चौकट खाते. गल्लीतल्या खाटकाने एकदा मारली, त्याच्याच पायाचे हाड मोडले. आत त्याची बायको ओठाला टाके घालून बसली होती, ती हसली आणि एक टाका तुटला.

सगळे असे हसण्यावारी गेले नाही. एकाने खिडकीतून उकळते तेल फेकले; माझी मान अजून आखडते. एकीला तिच्या भावांनी रस्त्यात गाठून तिच्यावर सुरे चालवले. ती उंबऱ्यापर्यंत रांगत आली आणि माझ्या मांडीवर गेली. तिचे रक्त फरशीच्या सांध्यांत मुरले आहे. ती फरशी कोणी बदलू नये.

मग एका दुपारी माझी सूनच आली. पाठ पट्ट्याने सोललेली, एक डोळा मिटलेला. मागोमाग माझा मुलगा, हातात पहार.

"आई, दार उघड. ती माझी बायको आहे."

"म्हणूनच बंद आहे, राजा."

सुताराचे पोर ते. असल्या दाराच्या बिजागऱ्या बाहेर राहतात, हे बाकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. त्याने त्या उखडल्या. पहिली पहार माझ्या खांद्यावर बसली, दुसरीने उजवे मनगट चुरले. तिसरी सुनेच्या डोक्यात पडायची, तेवढ्यात तिने माझी पटाशी उचलून त्याच्या पंजातून आरपार घातली. त्याला तुरुंग झाला. आता तो सुटला आहे.

पोटचा पोर सोडून परकीला घर कसे देता, असे विचारायला दीर आले होते. मी म्हटले, "भावजी, घर त्याला दिले तर उद्या दार कोणाला उघडेल?" ते चपला घालून निघून गेले. दिरांना काही देत नाही.

रंधे, करवती आणि ती पटाशी सुनेची. बिजागऱ्यांच्या खिळी मी आता दोन्हीकडून ठोकून बंद केल्या आहेत, तरी तिने अधूनमधून हात लावून पाहावे. बँकेतली शिल्लक येणाऱ्या बायकांच्या औषधपाण्याला. खाटकाने पायाचा खर्च मागितला होता. त्याने तो मागतच राहावे.

मुलाला त्याच्या बापाचा लोकरी कोट. अंगावर धड काही नसते त्याच्या, असे ऐकते. त्याचा राग करून मी हे लिहीत नाही. या हातांनी भरवलेला आहे तो.

मी गेल्यावर तो येईल. येऊ द्यावे. त्याला माझे तोंड पाहायचे असेल तर मला उचलून बाहेर न्यावे, सावलीत ठेवावे, आणि रडेल तितका वेळ रडू द्यावे. आत घेऊ नये. मेलेल्या बाईपायी जिवंत बाईचा थरकाप नको.

हे सगळे मी डाव्या हाताने लिहिले, सहीही त्याच हाताची.

साक्षीदार: समोरची बेकरीवाली, दवाखान्यातली नर्सबाई. दोघींनी माझ्यादेखत सह्या केल्या.

तारीख नर्सबाईंनी घातली आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली. आत सध्या तिघीजणी आहेत.