खालची ओळ

३ जून
दवाखान्यातल्या सभेत आज भांडलो! डॉक्टर सांगत होते, पुरुषांनी सुंता करून घेतली तर बाईकडून एचआयव्ही लागायचा धोका कमी होतो. मी उभाच राहिलो. “उद्या म्हणाल, सर्दी होते म्हणून नाक कापा!” लोक हसले. ती नाही हसली. तिथली समुपदेशक. शांतपणे म्हणाली, “शरीर तुमचंच. सक्ती कुणाचीच नाही. पण ऐकून तर घ्याल?”
ऐकलं. काय ऐकलं ते आठवत नाही.

४ जून
सगळे तिला ताई म्हणतात. पंचावन्न वर्षांचा रखवालदारसुद्धा! मी मेलो तरी म्हणणार नाही. ‘अहो’वर भागवतो.

९ जून
पेंटर मामाला काम मिळालं — दवाखान्याची बाहेरची भिंत रंगवायची. कॉलेज सोडल्यापासून मी त्याच्याच हाताखाली. (वडील अजून ‘आमचे इंजिनिअर’ म्हणतात. टोमणा.) मजकूर तिने दिला, स्वतःच्या अक्षरात: ‘सुंता केल्याने एचआयव्हीचा धोका कमी होतो. पूर्ण टळत नाही. कंडोम वापराच.’
“म्हणजे तुम्हालाही शंका आहेच!” मी म्हणालो.
“शंका नाही. अर्धवट सांगायचं नाही, एवढंच.”
चिठ्ठी खिशात ठेवलीय.

१२ जून
मामाचं एकच पालुपद — “आधी खडूने आख. शेवटचं अक्षर पहिलं मोज.” तो जेवायला गेला आणि मी सरळ ब्रश लावला. तिला येताना लांबूनच दिसावी म्हणून पहिली ओळ हातभर उंच! जागा संपली. बाकीचं गेलं तळाला, बोटभर अक्षरांत. मामा आला. “ही ओळ काय मुंग्यांसाठी?”
ती म्हणाली, “खालचं बारीक झालं का हो?”
“दिसतंय की!” मी म्हणालो. उगाच चढ्या आवाजात.

२१ जून
दादाने करून घेतली! ट्रकवरून सुट्टी काढून. पाय फाकवून चालतो; आईला सांगितलंय, कंबर धरलीय. मी खवळलो — मी भर सभेत विरोध केला, आणि घरातच हे?
“अरे, तूच तर हातभर अक्षरांत लिहिलंयस!”

८ ऑगस्ट
दादा फेरीवरून आला. हिवाळ्यात त्याचं लग्न. गच्चीवर हळूच म्हणाला, “वाटेत गेलो होतो एकीकडे. दोनदा.”
“कंडोम?”
“आता कशाला? पक्का झालो ना.”
हात धरून त्याला भिंतीकडे नेला. समोर मोटारसायकली लावलेल्या, नेहमीसारख्या. चार बाजूला ओढल्या. दादा उकिडवा बसून वाचत राहिला. पाचच शब्द. किती वेळ वाचत होता!

९ ऑगस्ट
तिला सगळं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “मलाही दिसलं होतं. मीच धरून बसायला हवं होतं.” दादाची तपासणी केली. आज काही नाही निघालं, पण एवढ्यात नक्की कळत नाही म्हणे. काही आठवड्यांनी पुन्हा.

१० ऑगस्ट
भिंत पांढरी केली. खडूने आखली. शेवटचं अक्षर आधी मोजलं. सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या. मामाने ब्रश धुऊन दिला.

११ नोव्हेंबर
दादाची पुन्हा तपासणी झाली; दवाखान्यातल्या बाकावर त्याने माझा हात धरला होता. लहानपणी मी त्याचा धरायचो. दार उघडलं. ती. हातात कागद.
“ताई,” मी म्हणालो, “दोघंही आत येऊ का?”