तळघराची दक्षिण भिंत आणि तिच्या दोन्ही बाजू

मी, या घराची मालकीण, धंदा पुस्तकबांधणी, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळीच दिला. त्यासाठी त्यांनी मला आजची तारीख, वार आणि सात आठे किती हे विचारले. तिन्ही उत्तरे बरोबर आली. हे माझ्या मुलाला मुद्दाम कळवावे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. जबरदस्ती करण्याइतका वेळ माझ्याजवळ कोणी बसतही नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे मी रद्द करते. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे शांत डोक्याने लिहीत आहे, त्यामुळे जरा जास्त कागद लागेल.

कलम १. घर.

हे घर माझ्या वडिलांनी बांधले. वर तीन खोल्या, खाली तळघर. जाताना त्यांनी घर मला दिले आणि दक्षिणेच्या भिंतीला लागून असलेली मोकळी जागा माझ्या थोरल्या बहिणीला. म्हणजे भिंत माझी आणि भिंतीपलीकडची माती ताईची. दोन्ही मुलींना सारखा न्याय दिला, असे ते अभिमानाने सांगत. ताईने त्या जागेवर घर बांधले आणि दोन घरांच्या मधल्या पट्ट्यात गुलाब लावले. माझा बाइंडिंगचा कारखाना तळघरात. कागदाला ओल चालत नाही, आणि पाणी नेमके दक्षिण भिंतीतून यायचे.

हे घर मी माझ्या मुलाला देते. त्याने तळघरात व्यायामशाळा करायची ठरवले आहे, भिंतींना लाकडी तक्ते ठोकून. ओल दिसली नाही की ती नसते, ही त्याची समजूत आहे आणि ती त्याला त्याच्या वडिलांकडून मिळाली आहे. म्हणून अट अशी की दक्षिण भिंतीवर काहीही ठोकू, चिकटवू किंवा फासू नये. का, ते पुढच्या दोन कलमांत आहे. त्याने ती वाचावीत. एकदा तरी माझे काहीतरी शेवटपर्यंत वाचावे.

कलम २. रंगाचे चार डबे, आणि आतून केलेले उपाय.

माझे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. डब्यावर छापलेल्या मजकुरावर त्यांचा गाढ विश्वास होता. पाणी आतून अडवता येते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी भिंतीला जलरोधक रंग दिला. पहिले पाच महिने भिंत इतकी सुंदर दिसत होती की ते पाहुण्यांना खाली नेऊन दाखवीत. सहाव्या महिन्यात रंगाला फोड आले आणि फोडांत पाणी. यांनी दुसऱ्या कंपनीचा रंग आणला. पाण्याने कंपनी बघितली नाही.

मग सिमेंटचा जाड लेप झाला, भेगांत पिचकारीने औषध भरून झाले. भरलेल्या भेगेतून पाणी थांबले आणि दोन हातांवर नवी वाट काढून आले. पाणी भिंतीपलीकडून रेटत असते आणि आपण अलीकडून रंग लावतो, म्हणजे दार आतून न लावता नुसते रंगवून ठेवण्यासारखे आहे, असे मी म्हटले. मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, याची मला आठवण करून देण्यात आली.

शेवटी खड्डेवाला आला. हा ठेकेदार, बाहेरून खणून काम करण्याबद्दल प्रसिद्ध, म्हणून हे नाव. तो म्हणाला, बाहेरून खणायला जागा मिळत नसेल तर आतल्या उपायांत एकच प्रामाणिक आहे. त्याने भिंतीच्या कडेने फरशी कापली, खाली भोकांची नळी आणि खडी टाकली, कोपऱ्यात खड्डा केला आणि त्यात पंप बसवला. हा उपाय पाण्याला अडवतच नाही. "या" म्हणतो, आणि मग बाहेर काढतो. चार दिवसांत काम झाले, बागेतले पानही हलले नाही, आणि जमीन कोरडी राहू लागली. भिंत मात्र ओलीच होती, आणि पंप दिवसभर घरघरायचा. वीज असेपर्यंत.

यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होते की तिसऱ्या कंपनीचा रंग आणायला हवा होता. त्यांनी तो आणून ठेवलाही होता. न उघडलेले चार डबे जिन्याखाली आहेत. ते मी मुलाला देते. बागेतल्या बाकाला लावावेत. यांचा राग यावा असे आता काही उरलेले नाही. फोड आलेली भिंत खरवडायला ते माझ्याबरोबर रविवारचे रविवार बसले, हेही लिहून ठेवते.

कलम ३. दक्षिणेचा पट्टा, आणि बाहेरून केलेला उपाय.

बाहेरून करायचे तर पायापर्यंत माती काढावी लागते, भिंत धुवावी, भेगा बुजवाव्या, गिलावा करावा, त्यावर डांबराची चादर चढवावी, तळाशी नळी आणि खडी घालून पाण्याला वाट द्यावी आणि मग माती परत लोटावी. खर्च मोठा, आणि बागेचे वाटोळे. पण पाणी भिंतीला शिवतच नाही. अडचण एकच होती. माती ताईची होती.

ताई टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाली आहे. आम्ही तिची परवानगी मागितली नाही असे नाही. आधी यजमान गेले. भिंतीच्या आकृत्या घेऊन गेले आणि तासभर शिकवून आले. मग खड्डेवाला गेला. मग माझ्या वकिलांनी रजिस्टर्ड नोटीस पाठवली. ती दोन दिवसांत परत आली. पाकिटावर लाल शाईत, अत्यंत सुवाच्य अक्षरात, "घेण्यास नकार". शिवाय तिकिटे जास्त लावल्याचा शेरा. त्यानंतर अठरा वर्षे आम्ही बहिणी कुंपणाच्या दोन बाजूंनी हवापाण्यावर बोललो. हवेवर जास्त.

यजमान गेल्यानंतरच्या वर्षी दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंप थांबला. खाली ग्रंथालयाची बांधायला आलेली जुनी वर्तमानपत्रे होती, एकशे चाळीस खंड, ज्यांची दुसरी प्रत कुठे नाही. निम्मे खंड खालच्या फळ्यांवर. मी आणि कारखान्यात पाने शिवणारी माझी शिवणवाली, दोघी घोट्याभर पाण्यात उभ्या राहून ते वर नेत होतो. अर्धा तास झाला असेल, तोच ताई छत्री न घेता जिन्यातून खाली आली.

"पंपाचा आवाज आला नाही," ती म्हणाली. "म्हणून आले."

या पंपाच्या आवाजाबद्दल तिने वर्षानुवर्षे तक्रारी केल्या होत्या. त्या दुपारी तिने पदर खोचला आणि पहिला खंड उचलला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने वजनदार खंड छातीशी धरून बावीस पायऱ्या किती वेळा चढल्या, ते मी मोजले नाही. मोजले असते तर तिला थांबवावे लागले असते, आणि मला मदत हवी होती. सहा खंड गेले. बाकीचे वाचले.

वीज आल्यावर आम्ही जिन्यात बसलो. मी तिला विचारले की अठरा वर्षे खणू का दिले नाहीस. गुलाबांसाठी?

"गुलाब कसले. कीड लागते त्यांना," ती म्हणाली. "तुझा नवरा आला, तुझा ठेकेदार आला, तुझ्या वकिलाचं पाकीट आलं. तू आलीस का?"

मी आठवून बघितले. माझ्या दारापासून तिचे दार चौदा पावलांवर आहे. मी गेले नव्हते. तिने नाही म्हटले तर, या भीतीने गेले नव्हते, हे मी तेव्हा तिला सांगितले नाही. मी फक्त विचारले, "ताई, खणू का?"

"खण," ती म्हणाली.

खड्डेवाल्याने तीन आठवडे काम केले. ताई रोज खुर्ची टाकून देखरेख करी, आणि पोस्टातल्या कारकुनांना लाभलेले सुख त्यालाही लाभले. आठ फूट खाली गेल्यावर त्याने आम्हा दोघींना हाक मारली. जमिनीच्या वर भिंतीला सुरेख गिलावा होता. जमिनीखाली एका विटेलाही सिमेंटचा हात लागलेला नव्हता. सांध्यांतून बोट आत जात होते. भिंतीला बाहेरून दोन हात गिलावा दिलाय, असे वडील आयुष्यभर सांगत आले होते, आणि भिंतीत खोट नाही म्हणून ताई त्यांच्या शब्दावर भांडत आली होती.

तिने चष्मा पुसून पुन्हा खाली पाहिले. मग म्हणाली, "जमिनीखालचं कोण बघतंय, असं म्हणाले असतील." आणि खुर्चीवर जाऊन बसली. मी तिच्यासाठी चहा केला.

आता निकाल. बाहेरचे काम झाल्यावर भिंत दोन महिन्यांत वाळली आणि वाळलेलीच आहे. पण जमिनीखालचे पाणी फरशीतून वर येतेच, त्याला बाहेरची चादर काही करत नाही. म्हणून पंप आठवड्यातून दोनदा चालतो. सबब रंगवाले हरले, पंपवाले आणि बाहेरून खणणारे अर्धे अर्धे बरोबर होते, आणि यापुढे आतून की बाहेरून या विषयावर या घरात वाद घालू नये. फुकट तपासणी करून देतो म्हणणाऱ्या माणसाला जिन्याखाली उतरू देऊ नये.

कलम ४. कारखाना.

दोन दाबयंत्रे, कटाई यंत्र, सुऱ्या, कागदाची घडी दाबायच्या हाडाच्या पट्ट्या, सुया, दोरा आणि चामड्याचा सगळा साठा मी शिवणवालीला देते. सव्वीस वर्षे ती माझ्यासमोर बसून पाने शिवत आली आहे. तिचे टाके माझ्यापेक्षा सरळ आहेत. हे तिला मी कधी सांगितले नाही, कारण तिने सुट्टी मागितली असती. ती काम करील तोवर तळघर बिनभाड्याने तिचे. मुलाने व्यायाम गच्चीवर करावा. तिथे हवाही आहे.

कलम ५. ठेवी आणि अंमलबजावणी.

बँकेत जे असेल ते मुलगा आणि सून यांना निम्मे निम्मे. मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईने करावी. घरात लग्न होऊन आल्यावर पंपाचे बटण कुठे आहे हे विचारणारी ती एकटीच.

कलम ६. ताई.

माझ्या थोरल्या बहिणीला मी काहीही देत नाही. एक पुस्तक नाही, एक सुई नाही. वाचणारे याचा अर्थ काढतील, म्हणून कारण लिहिते. वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. आणि मला दुसऱ्या कोणाची सही नको आहे. हे विचारायला या वेळी मी वकिलांना पाठवले नाही. आज दुपारी चौदा पावले चालत गेले आणि नियम समजावून सांगितला.

ती म्हणाली, "म्हणजे मला काही न देता राबवणार."

मी हो म्हटले.

तिने चष्मा शोधला, पायांत चपला घातल्या आणि विचारले, "सही कुठे करायची?"

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी.

(सही) लिहून ठेवणार, घरमालकीण व पुस्तकबांधणीकार

साक्षीदार:
१. (सही) थोरली बहीण, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार शेजारी
२. (सही) डॉक्टर, राहणार समोर

ठिकाण: राहत्या घराचे तळघर
दिनांक: ९ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी चार