टेकडीवरचे वीस लाख

३ मार्च

१. घरोघरच्या पाहणीत टेकडीवरच्या त्र्याऐंशी घरांचं वार्षिक उत्पन्न अगदी एकच निघालं — वीस लाख.
२. मी शेरा लिहिला : ‘आकडे घरी बसून भरलेले दिसतात.’
३. टेकडीचं काम ज्यांच्या गटाकडे होतं, त्या बाईंना आज कामावरून काढलं.
४. शेरा चुकीचा होता.

श्रीमंत घरं ओळखू येऊ नयेत म्हणून वीस लाखांवरचा प्रत्येक आकडा आमच्याच ऑफिसात वीसवर छाटतात. तिथे वीस म्हणजे ‘वीस किंवा कितीही जास्त’. हे मी शिकले आहे. परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. फाईलसोबतची सूचना उघडली नाही, एवढंच.

एवढंच, म्हणे.

४ मार्च

बाईंना सगळे कर्नल म्हणतात. आज ड्रॉवर रिकामा करायला आल्या होत्या. माझ्या टेबलाशी थांबल्या.

‘काय गं शेरेवाली, घरी बसून भरले ना आकडे? मग त्या टेकडीवरचं कुत्रं मला चावलं ते काय स्वप्नात?’

दोघं-तिघं हसले. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. स्क्रीन बंद होता.

५ मार्च

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

६ मार्च

छाटण्याआधीची फाईल मागवली. टेकडीवरच्या कुठल्याही दोन घरांचा आकडा सारखा नाही. ती घेऊन साहेबांकडे गेले, चूक सांगितली. ते चहा ढवळत राहिले.

‘छाटायचा आदेश माझ्याच सहीचा आहे. तुला आत्ता कळलं होय?’

मी म्हटलं, मग बाईंना का काढलंत?

‘फार उलटून बोलायची. तुझ्या शेऱ्यानं काम सोपं केलं. आता उकरत बसू नकोस, पुढे जायचंय तुला.’

मी ‘बरं’ म्हटलं. खरंच म्हटलं. जिना उतरताना कान तापले होते. साहेबांची लाज वाटली असती तर सोपं होतं. माझं वाक्य त्यांच्या हातात किती नीट बसलं, याची वाटत होती.

९ मार्च

संचालक मंडळाला पाठवलं. एक प्रत साहेबांना, एक कर्नलबाईंना :

‘शेरा माझा होता आणि चुकीचा होता. आकडे ऑफिसात छाटले होते. बाईंना काढलं तेव्हा साहेबांना हे माहीत होतं, असं त्यांनी मला सांगितलं. दोन्ही फाईली जोडल्या आहेत. बाईंना कामावर परत घ्यावं. शुक्रवार, १३ मार्चपर्यंत लेखी उत्तर द्यावं.’