पिशव्यांचं तेल

१२ जून

झालं एकदाचं उद्घाटन! प्लॅस्टिक संपवायची शेड, आणि दारावर साहेबांच्या फोटोचा केवढा फ्लेक्स! तो फ्लेक्स आमच्या टाकीत टाकता येत नाही. त्यातून ॲसिड सुटतं, टाकी खाऊन टाकतं. म्हणजे शेडमधला पहिला कचरा साहेबांचा, आणि नेमका तोच निरुपयोगी. सांगणार कुणाला? सगळे टाळ्या वाजवण्यात दंग.

साहेब शेड उभारणाऱ्या संस्थेचे, पुण्याहून आलेले. ‘हर्णैचा कचरा हेच हर्णैचं सोनं!’ म्हणाले. लोक पेढ्यासाठी थांबले होते. पेढे प्लॅस्टिकच्या डब्यांत. खाल्ले आणि डब्या तिथंच टाकून गेले — सोनं!

सुपरवायझर कोण? अजिंक्य. डिप्लोमा केलाय म्हणे. खिशाला दोन पेनं, एक चालत नाही. मी त्याचा मदतनीस. ठीक आहे. बघू.

तेजस्वी बायकांच्या मागं उभी होती. एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. पण बघितलं.

१४ जून

आईचं सुरूच. ‘कॉलेज सोडलंस ते कचरा उकडायला?’

दापोलीला एसटीनं हेलपाटे घालून मी काय शिकत होतो? केमिस्ट्रीचे सर पुस्तक उघडून वाचून दाखवायचे. मी भर वर्गात म्हटलं, ‘सर, वाचता आम्हालाही येतं.’ माफी माग म्हणाले. नाही मागितली! दुसऱ्या वर्षातच घरी आलो. पश्चात्ताप वगैरे काही नाही.

आणि कचरा उकडणं म्हणजे काय ते कुणी समजून तरी घेतंय? दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा, फुटक्या बादल्या — बंद लोखंडी टाकीत हवा न लागू देता तापवायच्या. वाफ नळीवाटे गार पाण्यातून न्यायची, की पलीकडे तेल ठिबकतं. बायकांनी घरोघरचं, बंदरावरचं प्लॅस्टिक वेचून आणायचं, किलोवर पैसे घ्यायचे. तेल विकायचं. इतकं सरळ. पण गावाला प्रश्न दोनच — फुकट काय मिळणार, आणि बंद कधी पडणार!

२१ जून

आज भागूबाई मोठा बोजा घेऊन आली. सगळ्या सुकटाच्या पिशव्या! आतून मिठानं पांढऱ्या.

अजिंक्य म्हणतो, ‘मावशी, धुऊन आणायच्या होत्या ना.’

‘धुवायच्या कशाला? समुद्रातलंच मीठ ता. त्याला काय किडे पडत नाय.’

मग या महाशयांनी भिंतीवर खडूनं चित्र काढून मीठ आणि ओल का वाईट ते बायकांना समजावलं. भागूबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे खारवलेलं तेल होणार. मग वर्षभर टिकंल ना?’

बायका हसून हसून लोळल्या. मीही हसलो. अजिंक्य नाही हसला. तो हसला तर त्याचा डिप्लोमा परत घेतील.

२२ जून

शेडसमोर गावातली झाडून सगळी मांजरं बसलीयत. धुऊनसुद्धा वास जात नाही.

१ जुलै

तेल निघालं!!! काळपट पिवळं. जरासा सुकटाचा वास आहे, पण तेल! चिंधी बुडवून पेटवली, भक्कन पेटली.

आणि ती आली! एकटी. म्हणाली, ‘स्वरूप, बघू मला.’ बाटली उजेडात धरून किती वेळ बघत होती. मग विचारायला लागली. टाकी किती तापवावी लागते? एका खेपेला किती पिशव्या? नळीतून जो गॅस येतो त्याचं काय करता? मी म्हटलं, तोच खाली भट्टीत परत जाळतो. ‘म्हणजे लाकूड वाचतं,’ म्हणाली, आणि हसली.

कुठल्या मुलीला गॅसचं काय पडलंय? बोलायला निमित्त हवं असतं, एवढंच. मला कळतं!

५ जुलै

परत आली. परत प्रश्न. अजिंक्यलाही दोन विचारले — कुणाला संशय येऊ नये म्हणून.

९ जुलै

डोकं फिरलंय.

तिच्यासाठी विरारचं स्थळ आलंय. नारळी पौर्णिमा झाली की बघायला येणार. पोरगा कुठल्याशा मॉलमध्ये एसीचं काम बघतो. गार हवेची राखण करतो म्हणजे! आणि काशीरामकाका, तिचा बाप, दोन बोटींचा मालक, बंदरावर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘पोरगा कमावता पायजे. उंडगे आमच्याकडे रग्गड हायत.’ म्हणताना बघत होता माझ्याकडे.

पौर्णिमेपर्यंत मला काहीतरी करून दाखवलंच पाहिजे. नाहीतर ती गेली विरारला.

१७ जुलै

आमचं तेल कुठं जातंय? काजूच्या कारखान्यात! भट्टीत जाळायला! मी सांगितलं, हर्णैला एवढ्या बोटी उभ्या आहेत, सगळ्या डिझेल पितात, त्यांना विका. गावचा कचरा, गावचं इंधन. डोकं लागतं का याला?

अजिंक्य म्हणे, ‘हे इंजिनाचं तेल नाही रे. यात मेण राहतं. परत गाळून, वेगळं करून घ्यायला हवं, तेवढी सोय आपल्याकडे नाही. भट्टीचं आहे ते भट्टीतच बरं.’

भट्टीतच बरं! अशी माणसं जन्मभर सुपरवायझर राहतात.

२४ जुलै

शेडमधला डिझेलचा पाण्याचा पंप आपल्या तेलावर चालवला. अजिंक्य दापोलीला गेला होता. भट्टीशेजारीच पंप, ओतलं तेल, मारलं हँडल — फट फट फट! सकाळभर चालला. धूर जरा काळा. मेण म्हणे! कुठाय मेण?

२७ जुलै

काशीरामकाकाला थेट गाठला. जाळं शिवत बसला होता.

‘काय शास्त्रज्ञ? आज कचरा संपला काय?’

मी पंपाचं सांगितलं. डिझेलपेक्षा किती स्वस्त पडेल तेही सांगितलं. त्याची सुई थांबली. ‘अर्धी मासळी डिझेलच खातं मेलं,’ म्हणाला. मग — ‘धाकटी बोट ने. एक फेरी. फसलास तर या बंदरावर पाय ठेवायचा नाय.’

मी म्हटलं, मंजूर. हावरट म्हातारा! पण सासरा म्हणून चालेल.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बोटी काय सजल्यात! पताका, झेंडूच्या माळा. काकानं समुद्राला नारळ दिला. धाकट्या बोटीची टाकी मी माझ्या हातानं भरली. सुकाणू धरणारा तांडेल नाक दाबून म्हणाला, ‘म्हावरं वासानंच जवळ येतील.’ हसा लेको!

अजिंक्य धावत आला. ‘स्वरूप, निदान अर्धं डिझेल तरी घाल.’ सगळ्यांसमोर! मी म्हटलं, ‘तुझी जळते ती भट्टी वेगळी.’

तेजस्वीच्या कपाळाला आठ्या होत्या. काळजी! माझी काळजी!

१० ऑगस्ट

लिहावंसं वाटत नाही.

बोट पहाटे सुटली. सुवर्णदुर्गाच्या पार गेली आणि बंद पडली. शेजारच्यांच्या बोटीनं दोर बांधून ओढत आणली. माणसं धड आहेत. टाकी उघडली तर आत तूप! पिवळं, घट्ट, वाटीनं वाढावं असं. फिल्टर गच्च भरलेला.

अजिंक्य म्हणाला, पंप भट्टीला लागून होता, तेल ऊबदार होतं. पाण्यावर पाऊस-वारा, तिथं गोठणारच. हसला नाही. हसला असता तर एक ठेवून तरी देता आली असती.

काका पहिल्या फेरीची मासळी दुसऱ्यांच्या पाट्यांत पडताना बघत राहिला. बाकीच्यांनी मात्र संध्याकाळच्या लिलावात हात धुऊन घेतले. कोणीतरी ओरडलं, ‘शास्त्रज्ञ घ्या, शास्त्रज्ञ! बर्फ नाय लावला, आपोआप गोठलाय!’

अख्खं बंदर हसलं. मच्छीच्या वासात जन्मलेली आणि त्यातच मरणारी माणसं. यांची अक्कल पाटीच्या काठापर्यंत.

११ ऑगस्ट

बाहेर पडलो नाही.

१६ ऑगस्ट

अजिंक्य चालला. चिपळूणकडे कंपनीत लागलाय. पळपुटा! जाताना म्हणाला, ‘पंप एवढा वेळ चालेल असं मलाही वाटलं नव्हतं.’ मोठेपणा दाखवून गेला. मला असल्या माणसांचा सगळ्यात जास्त राग येतो.

पुण्याचे साहेब म्हणतात, चालवणारं कोणी नसेल तर शेड बंद. उद्घाटनाचा फ्लेक्स भागूबाईनं कोंबड्यांच्या खुराड्यावर घातलाय. साहेबांचा पहिला खरा उपयोग.

२३ ऑगस्ट

विरारवाले आले, पोहे खाल्ले, गेले. आईनं बाजारातून बातमी आणली — तेजस्वीनं नाही म्हणून सांगितलं! बापासमोर! पाहुण्यांच्या देखत!

बंदरभर माझं हसं झालं, आणि तरी ती नाही म्हणाली. कशासाठी? कुणासाठी? हे काय सांगायला लागतं? आता हसा म्हणावं! गाढवं सगळी!

तिनं निरोप धाडलाय — सोमवारी शेडवर ये. आईकडून निळा शर्ट इस्त्री करून घेतला.

२५ ऑगस्ट

शेड उघडी. आत बायका कामाला लागलेल्या आणि मधोमध तेजस्वी, ओढणी कमरेला खोचून. शेड आता बायकांच्या गटाकडे. काजूवाल्याशी बोलून वर्षभराचं तेल तिनं ठरवूनही टाकलंय. बापाला कसं पटवलं, विचारलं. ‘पटवलं नाय. सांगितलं,’ म्हणाली.

मी म्हटलं, आणि विरार? ती म्हणाली, ‘मी लग्नालाच नाय म्हटलंय. विरारच्याला नाय, आणि हितल्यालाही नाय. कुणी काय सांगत असलं तर ऐकू नको.’ मग माझ्या शर्टाकडे बघितलं. ‘टाकीच्या तळाला काजळी धरते. आत उतरून खरवडायला माणूस पायजे. पगारी. येशील?’

हो म्हटलं.