डॉटीची बुधवारची भेट

बर्नी, २४ जुलै

तीर्थरूप मर्ल मावशीस,

तुझी भाची नरेल हिचा वाकून नमस्कार (वाकता येतं अजून, पुन्हा सरळ होताना जरा वेळ लागतो). तुझे गुडघे कसे आहेत? त्यातला कोणता जास्त छळतो ते तू मागे सांगितलं होतंस आणि मी विसरले, म्हणून दोघांचीही सारखीच विचारपूस करते. तिकडे विन्यर्डला वारा इथल्यापेक्षा कमीच असणार, नाहीतर तुझ्या कोंबड्या एव्हाना उडत बर्नीला पोचल्या असत्या. कॅसी खुशाल आहे. नळजोडणी शिकते आहे. घरातला एक नळ गळत होता, तो तिनं दुरुस्त केल्यापासून तीन गळतात, पण मी काही बोलत नाही. एकोणीस वर्षांची पोर आईच्या घरी राहते आणि आपणहून नळाला हात लावते, याची किंमत आपल्या घरात तुला-मला जेवढी ठाऊक आहे तेवढी कुणालाच नसेल. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘नाही’ म्हणतेस आणि मग पावसापाण्याचं बोलायला लागतेस. पत्राला निदान चष्मा सापडेपर्यंत तरी तुला नकार देता येत नाही.

माझी नवी नोकरी म्हणजे नेमकं काय, असं तू नाताळात विचारलं होतंस आणि मी तोंडात केक कोंबून विषय टाळला होता. आता सांगते. ज्यांची मुलं बालसंरक्षण खात्यानं नेली आहेत किंवा नेईन म्हणतंय, अशा आईबापांच्या सोबत बसायचं. कार्डावर माझ्या हुद्द्याचं नाव दीड ओळीचं आहे, साध्या भाषेत सोबतीण. मुलाखतीत संस्थेच्या ग्लेनिस बाईंनी विचारलं, “या कामाचा काही अनुभव?” मी म्हटलं, “दोन वर्षं तीन महिने.” त्यांना वाटलं कुठल्या ऑफिसात. मी म्हटलं, “नाही हो, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला.” तिथल्या तिथे नेमणूक झाली. माझ्या आयुष्यात जे जे वाईट घडलं ते सगळं पहिल्यांदाच पात्रता म्हणून मोजलं गेलं. मग शिकवणी झाली. पालकाच्या वतीनं बोलू नये, पालकापेक्षा जास्त रडू नये, खात्याच्या माणसांना शिव्या देऊ नयेत. हे तिन्ही नियम मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतले (वही कुठे गेली देव जाणे).

माझ्या वाट्याला आली टीगन. वय तेवीस, वजन ओल्या टॉवेलएवढं. चार महिन्यांपूर्वी तिच्याबरोबर राहणाऱ्या माणसानं तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं. तो त्याच आठवड्यात तुरुंगात गेला आणि ही गोळ्या खाऊन पलंगावर पडून राहिली, किती दिवस ते तिलाही सांगता येत नाही. तिची तीन वर्षांची डॉटी दार उघडून रस्त्याच्या कडेला जाऊन बसली होती. टपालवाल्यानं पाहिलं म्हणून वाचली. मुलीला नेलं ते चुकलं असं मी म्हणत नाही मावशी. टीगनही म्हणत नाही. मला पहिल्याच भेटीत म्हणाली, “मी त्यांच्या जागी असते तर मीपण नेली असती.” मी किटली ठेवली.

नेणं सोपं असतं. परत मिळवायचं म्हटलं की यादी येते. टीगनच्या यादीत होतं, दर बुधवारी नऊ ते दहा डेव्हनपोर्टला पालकांच्या वर्गाला बसायचं. आणि डॉटीची भेट दर बुधवारी साडेदहाला, बर्नीला. डेव्हनपोर्ट ते बर्नी, रस्ता रिकामा, देव प्रसन्न आणि पोलीस झोपलेले असले तरी चाळीस मिनिटं. मी वर्गवाल्यांना फोन केला, ते म्हणाले खात्याला विचारा. खात्याला केला, ते म्हणाले वर्गवाल्यांना विचारा. दोघांना एकाच वेळी फोनवर घ्यायचा प्रयत्न केला तर माझाच फोन बंद पडला. पहिले तीन बुधवार टीगन वर्गातून वीस मिनिटं आधी उठली, तर वर्गवाल्यांनी तिच्या कागदावर ‘अपूर्ण’ असं लिहिलं. म्हणून चौथ्या बुधवारी ती दहापर्यंत बसली, आणि मी बाहेर गाडी चालू ठेवून, बँक लुटायला आल्यासारखी, चाकावर हात ठेवून थांबले.

निघालो ते बरोबर वेळेवर. पेंग्विन गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. एक माणूस ‘थांबा’ची पाटी धरून उभा. पाच मिनिटं झाली, सात झाली. टीगननं दार उघडलं आणि मी ‘अगं अगं’ म्हणेपर्यंत ती पावसात धावत त्याच्यापाशी. काचेतून मला फक्त हातवारे दिसत होते. मग मीही गेले. ती सांगत होती, “पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर भेट रद्द होते. माझी मुलगी आहे तिथे, तीन वर्षांची आहे हो.” तो बिचारा साठीचा माणूस, पाटी घट्ट धरून म्हणाला, “पोरी, मी नुसती पाटी फिरवतो गं. समोरनं निरोप आल्याशिवाय फिरवता येत नाही.” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मलाही रडू फुटलं, म्हणजे नियम क्रमांक दोन तिथेच मोडला. तिघं जण पावसात रडतोय आणि मागचा ट्रकवाला भोंगा वाजवतोय. शेवटी पाटी फिरली.

आम्ही खात्याच्या दारात पोचलो तेव्हा दहा अठ्ठेचाळीस झाले होते. फाटकातून एक पांढरी गाडी बाहेर पडत होती आणि मागच्या सीटवर डॉटी होती. तिनं आम्हाला पाहिलं. रडली वगैरे नाही. उलट खूश झाली आणि हातमोज्यातला हात जोरजोरात हलवायला लागली. तिला वाटलं, आई मागनं येते आहे. टीगननंही हसत हसत हात हलवला, गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिली, आणि मग फुटपाथवर खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. फुटपाथ ओला होता. एवढंच करता आलं.

कागदावर आलं, ‘आई भेटीस हजर राहिली नाही.’

पुढच्या आठवड्यात खात्याची बैठक होती. डॉटीचं काम पाहणारी फिलिपा नावाची बाई अहवाल वाचत होती. (फिलिपा वाईट नाही गं. तिच्याकडे सत्तावीस मुलं आहेत आणि ती दुपारचं जेवण गाडीत, कपातल्या शेवया काट्यानं खाऊन उरकते. पण वाचायला लागली की तिचा आवाज फोनवरच्या ध्वनिमुद्रित बाईसारखा होतो.) मे महिन्यातल्या एका भेटीत टीगन रडली होती, तर त्याला ‘भावनांवर ताबा नाही’ म्हटलं होतं. जूनमध्ये दात आवळून रडली नाही, तर ‘मुलीविषयी ओढ दिसत नाही’. पहिल्या भेटीला खाऊ आणला नाही ही चूक, दुसऱ्या भेटीला जास्त आणला हीपण चूक. टीगन मान खाली घालून सगळ्याला “हो, हो” म्हणत होती. मी गप्प बसले. खरंच बसले. जीभ दाताखाली धरली. आणि मग माझ्याच तोंडून आवाज आला, “मग एकदा माप सांगून टाका ना. एका भेटीला किती रडायचं? आम्ही घरून तेवढंच मोजून आणतो.”

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं निदान एक जण हसेल.

‘सोबतीण उपरोधिक आणि अडथळा आणणारी,’ असं लिहून आलं आणि ग्लेनिस बाईंनी मला दोन आठवडे घरी बसवलं. “तू खरं बोललीस, नरेल,” त्या म्हणाल्या, “पण त्या खरं बोलण्याचं बिल त्या पोरीच्या नावानं फाटतं.” मावशी, आजवर मला पुष्कळ लोक पुष्कळ बोललेत (तू त्यात पहिल्या पाचांत आहेस), पण इतकं कुठलंच लागलं नाही. कारण त्या दोन आठवड्यांतच टीगनची कोर्टाची तारीख होती. तिला एकटीला आत जावं लागलं. मी सोबतीण म्हणून नाही, तर बाहेरची एक बाई म्हणून गेले आणि व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. शेजारचा माणूस म्हणाला, “तुमचं कोण आत?” मी म्हटलं, “माझी चूक.”

टीगन अकरा वाजता बाहेर आली. बारा महिन्यांचा हुकूम झाला होता. डॉटी खात्यानं नेमलेल्या, तिला सांभाळणाऱ्या बाईकडेच राहणार. टीगननं मला एकच विचारलं, “ऑक्टोबर त्याच्यात येतो ना?” मी म्हटलं, “येतो.” “म्हणजे चौथा वाढदिवस तिकडेच.” मला वाटलं आता ही कोसळणार आणि मी दोन्ही हात पुढे केले. ती म्हणाली, “हात कशाला करतेस? कागद दे.” माझ्या पर्समध्ये वाणसामानाची यादी होती, तिच्या पाठीमागे तिनं भिंतीला टेकवून त्या बाईसाठी लिहिलं. डॉटीला झोपवताना उजवा कान चोळावा लागतो. मटार चालतात, पण ताटात दुसऱ्या कशाला लागलेले चालत नाहीत. ‘आई कुठे आहे’ असं विचारलं तर ‘लवकर येईल’ म्हणू नका, ‘तुझी आठवण काढते आहे’ म्हणा, कारण ते खरं आहे. खाली लिहिलं, ‘तिला नीट ठेवता आहात, तुमचे आभार.’ हे शेवटचं वाक्य लिहायला तिला बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तो कागद मी फिलिपाला तिच्या गाडीपाशी गाठून दिला. ती शेवया खात होती. तिनं वाचला, कप टपावर ठेवला, पुन्हा वाचला. मग म्हणाली, “हे मी आजच पोचवते,” आणि टपावरच्या कपासकट गाडी चालू करून निघाली. शेवया रस्ताभर. दोन दिवसांनी तिचा फोन आला की बुधवारची भेट आता गुरुवारी केली आहे, शिवाय आठवड्यात आणखी एक दिली आहे, आणि पंधरा मिनिटांची अट रस्त्याच्या कामाला लागू नाही. कालच्या गुरुवारी मी दाराच्या काचेतून पाहिलं, डॉटी आईच्या मांडीवर बसून तिचा उजवा कान चोळत होती. स्वतःचा नाही, आईचा. तेवढ्यात तिनं पाणी मागताना सांभाळणाऱ्या बाईचं नाव घेऊन हाक मारली, टीगननं ओ दिली आणि पाणी दिलं. बास. यापेक्षा चांगली बातमी माझ्याकडे नाही.

गुडघ्यांना जप. कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझी,
नरेल

ता. क. तुझं झाकणाचं भांडं माझ्याकडे आहे. झाकण नाही.

ता. क. दुसरा. आता खरं काम. टीगनला पाचवा महिना लागला आहे. तुरुंगातल्या त्याच माणसाचं. तिनं कोर्टामागे माझ्या गाडीत सांगितलं, आणि सोमवारी स्वतः जाऊन फिलिपालाही सांगितलं (मी नुसती शेजारी बसले होते, तोंडात पेपरमिंट धरून). चौदा ऑगस्टला खात्याची बैठक आहे. बाळ दवाखान्यातून आईबरोबर घरी जाणार की तिथूनच उचलणार, ते त्या दिवशी ठरायला लागेल. वकील म्हणाला, ती जर एखाद्या खंबीर, वयस्कर, इकडची तिकडे न होणाऱ्या बाईच्या घरी राहत असेल तर पारडं फिरेल. मला अशी एकच बाई माहीत आहे आणि तिची मागची खोली शिलाईच्या पसाऱ्यानं भरलेली आहे. पसारा कॅसी आणि मी हलवू. नळाला कॅसी हात लावणार नाही, शब्द देते.

ता. क. तिसरा, आणि हा लिहायचा नव्हता. या नोकरीत शिरताना आपली स्वतःची जुनी फाइल मागवून वाचावी असं सांगतात. माझी याच महिन्यात आली. कॅसीला नेलं त्याच्या आदल्या दिवशी कुणाचा फोन आला होता ते नाव काळ्या शाईनं खोडलंय. वाक्य मात्र राहून गेलंय. ‘पोरगी गुणी आहे हो, पण दारूपुढे आत्ता तिच्याच्यानं होत नाहीये. दोघींनाही वाचवा.’ तुझ्याशिवाय असं कुणी बोलत नाही. तेरा वर्षं मला वाटत होतं की फोन शेजारच्या मिसेस व्हॉसनं केला. मी तिची टपालपेटी गाडी मागे घेताना दोनदा पाडली होती, आणि दोन्ही वेळा मुद्दाम. रविवारी वृद्धाश्रमात केक घेऊन तिची माफी मागायला गेले. तिनं मला ओळखलं नाही, आणि केक कोरडा आहे म्हणाली.

मी रागावले होते, खोटं कशाला सांगू. बारा दिवस रागावले. डेसकाका तेव्हा अंथरुणाला खिळले होते, तुला कॅसीला घरी नेता येत नव्हतं, आणि तरी तू दर रविवारी सूप घेऊन माझ्या दारात उभी राहायचीस आणि मी दार उघडेपर्यंत हलायची नाहीस. ते सूप मी सिंकमध्ये ओतायचे. तू पुढच्या रविवारी पुन्हा यायचीस. टीगनच्या सोबतीला मला नेमकं असंच माणूस हवं आहे. बाळाला धोका दिसला तर तू पुन्हा फोन करशील, हे मी तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, “चालेल. विचार त्यांना.”

म्हणून विचारते आहे. येत्या शुक्रवारी चार वाजता आम्ही दोघी येतो. टीगनलाही मटार चालतात.