गाळात सापडलेला पाना

३ एप्रिल
उमापूरहून मावशीकडून निघालो ते पाटोद्याला जायचं म्हणून. वाटंत एका ट्रॅक्टरवर बसलो. ड्रायव्हर सोपान म्हणला, "गाळ पसरायला माणूस पायजे, येतो का बे?" आलो. आयटीआय अर्धवट सोडल्यापासून हे सातवं का आठवं काम. गावाचं तळं पार कोरडं. मशीन गाळ भरतं, आमी लोकांच्या रानात नेऊन पसरतो. ज्याचं रान, त्याच्याकडं जेवण. ओळखीचं कुणी न्हाई. एक कुत्रं हाय, ते बी सोपानचं.

५ एप्रिल
गाळ लोण्यासारखा. लोक हातात घेऊन वास घेतात, नंबरावरून भांडतात. मधीच तळ्याच्या कडंला इंजिनघर दिसलं, बघायला गेलो, सोपान बोंबलला. दार न्हाई, पाटी हाय : उपसा सिंचन सहकारी सोसायटी. आत कबुतरं.
गाळात हाडं लई. मागच्या दुष्काळात मेलेली जनावरं तळ्यातच वढून टाकलेली, म्हणून कुणी वळून बघत न्हाई. फावड्यानं फोडून पसरतो. लवकर मातीत जातात.

७ एप्रिल
आज इंजिनघराखालचा कोपरा. ढेकळात पाना सापडला, १२-१३ चा. पॅन्टला घासला तर दांड्यावर पंचानं ठोकलेलं नाव : रशीद. मेकॅनिक ठोकतात, हत्यार बदलू नये म्हणून. आयटीआयत माझ्या पान्यावर माझं बी होतं. खिशात घातला.

८ एप्रिल
त्याच कोपऱ्यातून इंजिनाचा डिझेल पंप निघाला, प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळलेला. वाटलं सोपान खूश व्हईल. तो ट्रॅक्टर बंद करून खालीच बसला. "कुणाला बोलू नको." मग सोताच बोलला.
अकरा वर्षं झाली. सोसायटीचं इंजिन बंद पडलं, नेकनूरहून रशीद मेकॅनिक आणला. दुसऱ्या दिवशी रशीद बी न्हाई, पंप बी न्हाई. मोसंबीच्या बागा जळाल्या, सोसायटी मोडली. सगळे म्हणले, पंप घेऊन पळाला.
"मी चहा घेऊन गेलतो त्याला. म्हणला, भाऊ, इंजिन आपोआप बिघडलं न्हाई, कुणीतरी हातानं बिघडवलंय. उद्या मीटिंगीत सांगतो."
"मग तुमी कावून बोलला न्हाईत?"
"ट्रॅक्टर कुणाचा हाय हा? चेअरमनचा. सोसायटीचे चेअरमन तवा तेच व्हते."
पाना दाखवावा वाटलं. न्हाई दाखवला.

९ एप्रिल
चेअरमन आले, कुणी सांगितलं म्हाईत न्हाई. पंप हातानं उचलून आपल्या गाडीत ठेवला. मला म्हणले, "कुठला रे तू?" उमापूरकडून आलो म्हणलो. "लई लांब आलास." बास, एवढंच. मशीन दुसऱ्या टोकाला लावलं. इकडचा गाळ पुरे म्हणले.
संध्याकाळी हाडं आठवली. त्या कोपऱ्यातल्या ट्रॉल्या चार रानांत गेल्या. सगळ्या मीच पसरल्या. एक हाड बारीक व्हतं, सरळ. बैलाचं म्हणून मी

१२ एप्रिल
पळून आलो. पाटोद्याचा बाजार. उगाच हिंडलो, नवी चप्पल पायात घालून बघितली, परत ठेवली. एक म्हातारा पिंजऱ्यात पोपट घेऊन चिठ्ठ्या काढत व्हता, त्याच्यापाशी दुपार गेली. तीन दिवसांत जास्तीत जास्त बोललो ते त्या पोपटाशी.

१४ एप्रिल
नेकनूर. इचारत इचारत हनीफभाईंचं गॅरेज गाठलं. रशीदचे थोरले भाऊ. पाना द्यायला गेलतो आणि तोंडातून निघालं, काम हाय का? हाय म्हणले.
भिंतीला फळी. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, तिथंच तो अडकवायचा. वरची वळ भरलेली. खालची सगळी रिकामी, नुसत्या आकृत्या.
"ही वळ कुणाची, भाई?"
"चोराची. नाव नक्को काढू दुकानात." जरा वेळानं, नोझल पुसता पुसता : "अम्मी गेली, तवा बी खांदा द्यायला आला न्हाई हरामखोर."

१७ एप्रिल
रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. मग गिऱ्हाईक येतं, मी त्याची मोटारसायकल न्याहाळत बसतो. डब्यातली अर्धी भाकरी भाई मला न इचारता देतात. सांगितलं की ती गेली.

१९ एप्रिल
दुकान झाडलं आणि पाना खालच्या वळीत अडकवला. आकृतीत नेमका बसला.
भाई आले, चाव्या ठेवल्या, मग दिसला. जवळ जाऊन नावावरून अंगठा फिरवला.
"कुटं मिळाला?"
सांगितलं. तळं, पंप, चेअरमन, सोपानचा चहा. हाडं पसरली म्हणलो. फोडली, असं म्हणलो न्हाई.
ओरडले न्हाईत. फळीकडं तोंड करून म्हणले, "अकरा साल गाली दिया मैं इसकू."
मग शटर वढलं. आत एकटेच. मी बाहेर टायरवर बसून राहिलो.

२० एप्रिल
एसटी थांबा. भाईंच्या पिशवीत पांढरं कापड, घडी घातलेलं. म्हणलो, आधी पोलिसात जायचं का?
"जाऊ. आधी भाऊ."
मग इचारलं, "किती रानं?"
"चार."
"पहिलं कोणतं?"
रानं मला वळखू येतील. गाळ न्हाई वळखू येणार, सगळा सारखाच काळा. त्यात किती मोठं काय उरलं असंल ते मला एकट्याला म्हाईत हाय, आणि ते अजून सांगायचंय. भाई दोन चहा घेऊन येतायत, एक माझा.
गाडी दिसायला लागली.